तिसऱ्या मीटरवरचा बाण

योरुनची मुलाखत झाली तेव्हा मी शिडीवर उभा होतो. हालवारच्या खोलीतला दिवा सारखा लुकलुकत होता आणि तो दुरुस्त करायला मला बोलावलं होतं. साल चौऱ्याऐंशी. हालवार आमचा प्रोफेसर, ओस्लोहून इकडे उत्तरेत आलेला. प्रोफेसर असला तरी आमच्याकडे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात. त्याने ट्रॉम्सोच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती : नजर चांगली आणि बसायची चिकाटी असलेली व्यक्ती पाहिजे, शिक्षणाची अट नाही.

योरुन आली ती विणलेल्या जाड स्वेटरमध्ये, हात लालभडक, अडतीस वर्षांची. खुर्चीवर बसली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली.

"आधी काय करत होतीस?" हालवारने विचारलं.

"सेन्या बेटावर माशाच्या कारखान्यात होते. काचेचं टेबल असतं, खालून दिवा. कॉडची फाक त्यावर पसरायची, आत अळी दिसली की चिमट्याने उपटायची. एकोणीस वर्षं केलं."

"मग सोडलंस का?"

"मी कशाला सोडू? कारखान्यानेच आम्हाला सोडलं. बंद पडला."

हालवारने तिच्यापुढे सूक्ष्मदर्शक सरकवला. काळ्या ताटलीत चिमूटभर वाळू होती. "यात इवले इवले शिंपले आहेत. किती ते सांग." तिने पिशवी खाली ठेवली, डोळा लावला आणि मोजू लागली. माझा दिवा लागला तरी मी शिडीवरून उतरलो नाही.

"एक्केचाळीस," ती म्हणाली.

"अडतीस आहेत. मी स्वतः मोजलेत."

"मग परत मोज, ओस्लोकर."

त्याने परत मोजले. मग तिसऱ्यांदा मोजले. मग माझ्याकडे वर बघून म्हणाला, "आर्विद, तू अजून इथेच? खाली जा आणि हिच्यासाठी चांगली खुर्ची घेऊन ये."

तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं योरुन त्याच खुर्चीत बसली. मी तिच्या खालच्या मजल्यावर, थंड गोदामात. तिचं नि माझं काम एकाच चिखलाचं. जहाजातून शिशाचं वजन लावलेली लोखंडी नळी समुद्राच्या तळाशी सोडतात, ती चिखलात घुसते आणि तिच्या आतल्या प्लास्टिकच्या नळीत चिखलाचा उभा खांब भरून येतो. वरचा चिखल अलीकडचा, खालचा हजारो वर्षांपूर्वीचा. त्याचे मीटर-मीटरचे तुकडे करतात, उभे चिरतात, आणि ते माझ्याकडे फळ्यांवर झोपतात. त्यातला चमचाभर चिखल चाळणीत धुतला की उरते वाळू, आणि त्या वाळूत मिठाच्या कणाएवढे शिंपले. डाव्या वळणाचे बर्फगार पाण्यात राहणारे. उजव्या वळणाचे त्यांचे चुलते, त्यांना जरा ऊब लागते. शिवाय खडे, जे हिमनगांनी लांबून वाहून आणून तिथे टाकले. शंभरात डावे किती, उजवे किती, खडे किती, एवढं मोजलं की तो चिखल बसला तेव्हा वर बर्फ होता की नव्हता ते कळतं.

मोजायचं काम योरुनचं. बारीक कुंचला जिभेवर ओला करायची, एकेक शिंपला उचलायची आणि डावा-उजवा करत मांडायची. रेडिओवर कोळ्यांसाठीचं हवामान लागलेलं असायचं. मध्ये कोणी बोललं तर कुंचला उगारायची. तिचा नवरा कोरे, तो शहरातली बस चालवायचा. संध्याकाळची शेवटची फेरी आमच्या दारासमोरून जायची, आणि तो बस थांबवून बसून राहायचा. प्रवासी कुरकुरायचे. कोरे म्हणायचा, "शंभर पुरे झाल्याशिवाय ती उठत नाही. मी लग्न केलंय तिच्याशी, तुम्ही फक्त तिकीट काढलंय. बसा गप."

दर शुक्रवारी चहापाण्याच्या खोलीत वॉफल व्हायचे, वर तपकिरी चीज. तिथे तिच्या तोंडाला धरबंध नसायचा. हालवार एकदा डब्यात उकडलेल्या माशावर लिंबू पिळताना सापडला. "अरे, मेल्या माशाला औषध कसलं देतोस?" ती ओरडली. वीस वर्षं झाली तरी कोणी ना कोणी त्याच्यासमोर लिंबू ठेवायचंच. तो हसून घ्यायचा. लेकींच्या लग्नांत, बायकोच्या आजारपणात, सगळ्यात योरुन त्याच्या घरी होती. तो तिच्या मोजणीवर एकदाही शंका घेत नसे, आणि ती त्याच्या कुठल्याही वाक्यावर घेत असे.

एकोणनव्वद साली स्वालबार्ड बेटांच्या पश्चिमेला जहाज जायचं होतं. चिखल हाताळायला माणूस कमी पडत होता, म्हणून हालवार तिला म्हणाला, "चल की एकदा. ज्या चिखलात आयुष्य घालवतेस तो वर येताना तरी बघ."

ती गेली. मीही होतो. कोळ्याची मुलगी ती, पण पहिल्या तासातच तिला समुद्र लागला तो शेवटपर्यंत. बादली गळ्यात अडकवल्यासारखी घेऊन फिरायची. खलाशी चिडवायचे, "सेन्याच्या बायका हल्ली कागदाच्या बनवतात काय रे?" ती बादलीतून डोकं काढून म्हणायची, "तुझ्या तोंडाकडे बघून होतंय हे, लाटांमुळे नाही."

पाचव्या दिवशी वारा वाढला. नळी वर आली ती पाच मीटर भरून, त्या सफरीतली सर्वांत लांब. सगळ्यांना घाई. मी करवतीने प्लास्टिकचे मीटर-मीटर तुकडे कापत होतो. योरुन दोन्ही टोकांना झाकणं ठोकत होती आणि निळ्या पेनने नळीवर बाण काढत होती. बाणाचं टोक जिकडे, तिकडे समुद्राचा तळ, म्हणजे चिखलाची वरची, अलीकडची बाजू. मधेच ती धावत कठड्याकडे गेली, परत आली, तोंड पुसलं, पुढची नळी उचलली. मी ते पाहिलं. त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

त्या पाच मीटरवर हालवारने जो लेख लिहिला त्याने त्याचं नाव झालं. हिमयुग संपताना त्या भागातला बर्फ हटला, मग काही शतकांत परत पसरला, आणि मग कायमचा गेला, असं त्याने मांडलं. मोजणी योरुनचीच होती, दर वीस सेंटिमीटरला एक चमचा. आलेख चौकटीत घालून चहापाण्याच्या खोलीत लावला गेला. 'परतलेला बर्फ' असं त्याला सगळे म्हणायचे. पाहुणे आले की हालवार त्यांना आधी तिथे नेऊन उभं करायचा.

वर्षं गेली. हालवार निवृत्त झाला, पण शुक्रवारी वॉफलला न चुकता यायचा. कोरे वारला. योरुनचा चष्मा जाड झाला. मला एक्स-रेचं यंत्र मिळालं, त्यात चिखल न उकरता आतलं दिसायचं.

दोन हजार अकराच्या वसंतात सुन्निवा नावाची मुलगी आमच्याकडे संशोधन करायला आली. बेर्गेनकडची, तिशीतली, सतत पळणारी. तिने ठरवलं की जुन्या पाच मीटरची परत मोजणी करायची, आणि या वेळी दर दोन सेंटिमीटरला. "परतलेला बर्फ मला जवळून बघायचाय," ती म्हणाली.

योरुनला निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. तिने मान डोलावली आणि कामाला लागली.

तीन आठवड्यांनी ती माझ्या गोदामात आली. ती कधी खाली यायची नाही, थंडीने तिची बोटं आखडायची. कोटाची बटणं चुकीच्या काजांत लावली होती.

"आर्विद, एकशे नव्व्याण्णव सेंटिमीटरला शंभरात अडतीस डावे आहेत."

"बरं."

"दोनशे एकला शंभरात पंच्याण्णव."

"बरं."

"बरं काय बरं! दोन सेंटिमीटरमध्ये अडतीसचे पंच्याण्णव? तिथे काही तुटलेलं नाही, काही वाहून गेलेलं नाही. आणि तसाच धक्का परत तीनशेवर. बरोब्बर जिथे तू करवत चालवलीस तिथे."

माझ्या हातातली चावी तशीच राहिली. तिनेच सांगितलं, "तिसरा मीटर काढ. फोटो घे त्याचा."

मी तिसऱ्या मीटरचा राखून ठेवलेला अर्धा भाग यंत्रात घातला. पडद्यावर चिखलाचे थर उमटले, राखाडी, वहीच्या पानांसारखे. मधोमध एक खडा होता, बोराएवढा. हिमनगातून सुटून खाली पडलेला खडा मऊ चिखलात रुततो आणि त्याच्या खालचे थर खाली दबतात. मी असे शेकडो पाहिले होते. या खड्याच्या खालचे थर सपाट होते. वरचे थर दबलेले होते, वरच्या दिशेने.

योरुनने चष्मा सारखा करून पडद्याला नाक लावलं. मग म्हणाली, "खडा वर पडलाय."

"वर कसा पडेल?"

"तेच तर. हा अख्खा मीटर उलटा आहे. बावीस वर्षं डोक्यावर उभा आहे बिचारा."

मी म्हटलं, वय काढायला त्या मीटरमधले शिंपले पाठवले होते, तेव्हा नाही कळलं? तिने लगेच सांगितलं, "मधोमधचेच पाठवले होते. उलटा केला तरी मध्य मध्यच राहतो." म्हणजे जिन्यावरून खाली येण्याआधी तिने सगळं तपासलं होतं.

तिने प्लास्टिकच्या बाहेरची बाजू वळवली. निळा बाण फिकट झाला होता, पण दिसत होता. योरुनचा बाण कोणीही ओळखावा असा, शेवटी दोन तिरक्या रेघा, माशाच्या शेपटीसारख्या.

"माझा आहे," ती म्हणाली. "कठड्याकडून परत आले ना, तेव्हा नळी उचलली ती उलटी."

ती लाकडी खोक्यावर बसली. मला तिच्याकडे बघवेना. मी म्हटलं, "योरुन, कापला मी होता. खलाशांनीही हात लावला असेल. कोणाच्याही हातून झालं असेल. बाण काय, पुसला जातो."

तिने मान वर केली. "पुसतोस का? पूस. मग मी तुझ्याशी बोलायची बंद. ठरव."

मी नाही पुसला.

"मग आधी सुन्निवाला सांगूया," मी म्हटलं.

"आधी हालवारला. त्याचा बर्फ आहे तो."

क्वालोया बेटावर हालवारचं घर होतं. मी तिला गाडीने घेऊन गेलो. बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता. हालवार लाकडी होडी उलटी टाकून तिच्या बुडावरचा जुना रंग खरवडत होता. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, घरात एकटाच.

"अरे वा, दोघंही!" तो म्हणाला. "कॉफी टाकू?"

"कॉफी नंतर," योरुन म्हणाली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आडवळण नाही, प्रस्तावना नाही. अडतीस, पंच्याण्णव, खडा, बाण. शेवटी म्हणाली, "मी केलं ते. मला ओकारी होत होती, पण ती काही सबब नाही. ओकारी होत असेल तर माणसाने दोनदा बघावं."

हालवार खरवडत राहिला. त्याच्या हाताखाली रंगाची लांब साल निघत होती. मग थांबला.

"म्हणजे बर्फ परतलाच नाही."

"नाही. शंभरातले पंच्याण्णव सावकाश कमी होत अडतीसवर येतात, एका ओळीत. एकदाच गेला तो, परत आला नाही."

"मी वीस वर्षं जगभर सांगत फिरलो."

"तुझ्या हातात जे दिलं त्यावर तू सांगितलंस. दिलं मी."

"तुझ्या मोजणीत कधी चूक नसते, हेही मी जगभर सांगत फिरलो," तो म्हणाला. आवाज वर गेला नव्हता, पण मी त्याला असं बोलताना पहिल्यांदा ऐकत होतो.

"मोजणीत आताही नाही," ती म्हणाली. "चूक मोजण्याआधीची आहे."

त्याने खरवडणी होडीवर ठेवली, हात पँटला पुसले आणि घरात गेला. दार लावून घेतलं. कॉफी काही आली नाही. परतीच्या वाटेवर पुलावर योरुन म्हणाली, "त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी तिने सुन्निवाला सांगितलं. सुन्निवा आधी पांढरी पडली, मग उठून तिने योरुनला मिठी मारली, मग लगेच वही काढली. "पण हे तर उत्तमच आहे! माझ्या लक्षात आलं नसतं, मी पण परतलेल्या बर्फावरच लिहिलं असतं!" तरुण माणसाला चूक म्हणजे नवा विषय. योरुनला ते आवडलं, पण हसू आलं नाही.

त्या शुक्रवारी हालवार वॉफलला आला नाही. पुढच्याही नाही. वॉफल झाले, कोणी फारसं खाल्लं नाही. योरुन आलेखाखाली बसायचं टाळू लागली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसायला लागली. मी एकदा म्हटलं, "आलेख उतरवू का?" ती म्हणाली, "तुझा आहे? मग हात लावू नकोस."

तिसऱ्या शुक्रवारी तो आला. दाढी वाढलेली, हातात कागद. कोणाला नमस्कार न करता सरळ भिंतीकडे गेला, चौकट उतरवली आणि टेबलावर पालथी घातली. मग योरुनसमोर कागद ठेवला. नियतकालिकाच्या संपादकाला लिहिलेलं पत्र होतं : आमच्या लेखातला तिसरा मीटर उलटा होता, निष्कर्ष मागे घ्यावा, नवी मोजणी लवकरच पाठवत आहोत.

"वाच आणि सही कर," तो म्हणाला. "आपल्या दोघांच्या नावाने जाईल."

योरुनने वाचलं. "यात लिहिलंय की 'नमुना घेताना उलटापालट झाली'. कोणी केली ते कुठेय?"

"ते लिहायची गरज नाही."

"मला आहे."

"योरुन, जहाजाचा प्रमुख मी होतो. वारा वाढला होता, थांबा म्हणायला हवं होतं ते मी. बादली घेतलेल्या बाईच्या हातात नळी दिली ती मी. त्या हिशेबाने माझंही नाव घाल, आर्विदचंही घाल, त्या स्वयंपाक्याचंही घाल ज्याने सकाळी कलेजीचं कालवण वाढलं."

खोलीत पहिल्यांदा कोणीतरी हसलं. योरुन नाही हसली. तिने पेन घेतलं, सही केली, आणि म्हणाली, "तीन आठवडे कुठे होतास?"

"घरी. पहिला आठवडा तुझ्यावर चिडलो होतो. दुसरा माझ्यावर. मला तो धक्का तेव्हाच दिसायला हवा होता, पण परतलेला बर्फ मला फार आवडला होता."

"आणि तिसरा?"

"होडी रंगवत होतो. रंग ओला असताना सोडून येता येत नाही."

"मुडद्या," ती म्हणाली, आणि वॉफलची बशी त्याच्याकडे सरकवली.

नवा लेख वर्षभराने आला. सुन्निवाने लिहिला. योरुनने पाच मीटरचे सगळे, अडीचशे चमचे मोजले, निवृत्तीच्या आदल्या आठवड्यापर्यंत बसून. लेखकांत पहिलं नाव सुन्निवाचं, दुसरं योरुनचं, तिसरं हालवारचं. तिला ते कळलं तेव्हा ती सुन्निवाच्या खोलीत घुसली. "चूक करणाऱ्या बाईचं नाव वर छापतात होय? शोभतं का हे?"

"शोधून काढणाऱ्या बाईचं छापलंय," सुन्निवा म्हणाली. "ती चूक करणाऱ्या बाईला ओळखते, एवढंच."

लेख इंग्रजीत होता. योरुनने शब्दकोश घेऊन तो चार संध्याकाळी वाचला, आणि पाचव्या दिवशी सुन्निवाला फोन केला. तक्त्यात एकशे सत्तेचाळीस सेंटिमीटरला डावे सत्तावीस छापले होते, तिने चोवीस मोजले होते. सुन्निवाने दुरुस्ती पाठवली.

निवृत्तीनंतर ती सेन्याला परतली. बहिणीच्या घराशेजारी लहानसं घर घेतलं, बटाटे लावले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हालवार सत्तर ओलांडलेला, तरी उन्हाळ्यात दर महिन्याला एकदा गाडी घेऊन तिच्याकडे जायचा, आणि दोघं ओट्यावर बसून वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यावर भांडायची. एका वर्षी मीही गेलो. हालवार आतल्या खोलीत झोपला होता. योरुनने पोतंभर बटाटे माझ्या गाडीत टाकले. मी म्हटलं, "एवढे कशाला?"

"सुन्निवाला अर्धे दे. हल्ली तिला जेवायला वेळ नसतो म्हणे, बर्फावर बर्फ मोजत बसते. आणि तिला सांग, बारीक आधी उकडायचे, मोठे ठेवायचे."

मग मी निघालो. आरशात बघितलं तर ती फाटकाजवळ उभी होती, एका हाताने डोळ्यांवर सावली धरून, आणि आतून हालवार तिला काहीतरी ओरडून विचारत होता. तिने वळून त्याला दुप्पट आवाजात उत्तर दिलं. काय ते मला ऐकू आलं नाही.